कानाच्या डॉक्टरांचा कॉम्प्युटर

कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडलं आणि आतून कापूस बाहेर आला.

थोडाथोडका नाही, चांगला मूठमूठ. वरच्या जाळीत, मागच्या पंख्याच्या भोकात, समोरच्या फटीत, जिथून म्हणून हवा आतबाहेर करू शकते अशा प्रत्येक जागी कोणीतरी कापूस दाबून भरला होता. उशी भरावी तसा, कोपरे बघून.

घाटंजीच्या पुढच्या एका खेड्यातली शाळा. चौथीच्या वर्गात कान तपासणीचं शिबिर चालू होतं आणि कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडत होता. फोन आल्यावर मी यवतमाळहून मिळेल ती एसटी पकडून आले होते. व्हरांड्यात पोरं रांगेत बसून कंटाळली होती. मी हातातला कापूस वर धरून विचारलं, "हे कोणी केलं?"

शिबिराच्या जीपचे ड्रायव्हर नामदेवकाका पुढे आले. लपवाछपवी काही नाही.

"म्या केलं ताई. लय आवाज करून राह्यलं होतं नं ते. डॉक्टरबाई सकाळपासून आवाज, आवाज म्हनून राह्यल्या. गाडीत घरचा कापूस पडेल होता. म्हटलं, घालून पाहू थोडासा."

"थोडासा?"

"दोन्हीकून घातला. मंग झाला नं आवाज बंद."

"आवाज नाही काका, मशीन बंद झालं."

"तेच तं. एकदम शांत."

डॉक्टर सरोज मॅडम टेबलापलीकडे बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. मी तेव्हा यवतमाळला पुरुषोत्तमभाऊंच्या दुकानात हार्डवेअर इंजिनिअर होते. इंजिनिअर हे व्हिजिटिंग कार्डावर. खरं शिक्षण पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि खरं काम असेंब्लिंग. म्हणजे सुटे भाग आणायचे, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे ते एका डब्यात बसवायचे आणि कॉम्प्युटर म्हणून द्यायचे. त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. लोक त्यालाच सीपीयू म्हणतात, आम्ही दुरुस्त करत बसत नाही. आत असतो प्रोसेसर, काड्यापेटीहूनही लहान. सगळं गणित तो करतो आणि करताना तापतो. त्या काळातले वेगवान प्रोसेसर तर इतके तापायचे की उघड्यावर हात लावला तर बोट भाजेल. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. या जोडीला कूलर म्हणतात. उन्हाळ्यात खिडकीत लावतो तो कूलर वेगळा, हे मला आजही रोज एकदा सांगावं लागतं.

हवा कोंडली की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःला बंद करून घेतं. काकांच्या कापसाने नेमकं तेच घडवलं होतं.

कापूस काढला. पण कूलरच्या पट्ट्यांमध्ये आणखी एक थर होता. बारीक, मळकट, गादीसारखा घट्ट बसलेला. हा काकांचा नव्हता. आदल्या आठवड्यात महागावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामगारांचे कान तपासले होते. तिथे हवेत उडणारी सगळी रुई या पंख्याने आत ओढून घेतली होती. मी ब्रशने, ब्लोअरने सगळं साफ केलं आणि मशीन सुरू केलं. आवाज आधीपेक्षा कमी झाला.

"झालं मॅडम," मी म्हटलं. "आता त्रास नाही."

"हे झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "अर्चना, तू त्या खुर्चीत बस. हेडफोन लाव. बीप ऐकू आला की हात वर करायचा."

मी बसले. सुरुवातीला बारीक, तीक्ष्ण बीप आले. प्रत्येकाला मी हात वर केला. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत बसले. डॉक्टर स्क्रीनकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"किती वेळ झाला ऐकू येऊन?"

"शेवटचा आला ना, तो पी करून."

"त्यानंतर मी नऊ वेळा आवाज दिला. जाड, खालच्या पट्टीतले. तुला एकही ऐकू आला नाही. या मशीनच्या हिशेबाने तूसुद्धा थोडी बहिरीच."

दाराशी जमलेली पोरं खी खी करून हसली. मीही हसले, पण हसता हसता काय झालंय ते लक्षात आलं. माझे कान ठणठणीत होते. पंख्याच्या घरघरीत ते जाड आवाज बुडून गेले होते.

हे मशीन मी बनवलं होतं. कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि त्यामुळे बाहेरगावच्या संस्था मदत म्हणून काही ना काही पाठवायच्या. त्यात उपयोगी गोष्टी असायच्या, तशी भर मे महिन्यात आलेली लोकरी ब्लँकेटंही असायची. डॉक्टर सरोजना कान तपासायचं एक चांगलं कार्ड मिळालं होतं. फक्त ते डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या आतच बसायचं, लॅपटॉपला चालायचं नाही. म्हणून त्या दुकानात आल्या होत्या. शिबिरासाठी कॉम्प्युटर हवा, एवढंच त्या बोलल्या आणि आम्ही तेवढंच ऐकलं. आमच्याकडचा सगळ्यात दणकट, सगळ्यात फास्ट, चौदा किलोचा डबा त्यांच्या जीपमध्ये चढवून दिला.

"मशीन बाहेर व्हरांड्यात ठेवून वायर आत घेतली तर?" मी विचारलं.

"तेही करून पाह्यलं. हेडफोनची वायर पुरत नाही. लांब वायर जोडली तर पोरं तिच्यात अडकतात. कालच एकाने पाय घालून सगळं टेबल खाली आणलं असतं." डॉक्टरांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. "आणि प्रश्न नुसत्या त्रासाचा नाही. हे बघ."

त्या शाळेत तपासलेल्या मुलांपैकी अकरा जणांच्या नावापुढे खुणा होत्या. अकराही जणांना खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, असं मशीन म्हणत होतं. एका गावात, एका शाळेत एवढी मुलं एकाच पद्धतीने बहिरी कशी असतील, म्हणून डॉक्टरांना शंका आली होती.

अकरातलं एक नाव होतं सुमन आत्राम. वय नऊ. गावाबाहेरच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची मुलगी. ती वर्गात कधी बोलत नव्हती, विचारलं तरी उत्तर देत नव्हती. हेडमास्तरांनी तिला बहिरी ठरवून टाकलं होतं. मशीनचा कागद हाती येताच त्यांनी बाहेरगावच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेसाठी अर्ज तयार केला. माणूस वाईट नव्हता. पोरीचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं.

"मॅडम, तुमची सही झाली की पुढच्या महिन्यात ॲडमिशन होते," ते म्हणाले. "तिथे जेवणखाण सगळं आहे."

सुमनची आई लक्ष्मीबाई दाराशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बहिरी नाही ते. म्या सांगतलं मास्तराले."

डॉक्टरांनी अर्ज हातात घेतला, पण पेन उघडला नाही. "पंधरा दिवसांनी मी पुन्हा येते, सर. अकराही मुलांची तपासणी परत होईल. तोपर्यंत सही नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पंधरा दिवस, अर्चना. मला आवाज न करणारं मशीन पाहिजे. आणि जरा हलकं कर. चढवता उतरवता नामदेवकाकांची कंबर गेली."

"गेलीच हाये," काका म्हणाले. "आता राह्यलीच कुठं."

दुकानात आल्यावर पुरुषोत्तमभाऊंना सगळं सांगितलं. भाऊंनी आयुष्याची वीस वर्षं टाइपरायटर विकले होते. यंत्र म्हटलं की ते जड असावं आणि त्याचा खणखणीत आवाज यावा, असं त्यांचं मत होतं.

"कॉम्प्युटरचा आवाज येईन नाही तं काय येईन? पंखा हाये आत, मोर थोडीच हाये!"

"भाऊ, मोराचाही आवाज येतोच."

"तू शब्दात नको पकडू. काय पाहिजे ते सांग."

मी म्हटलं, कॅबिनेट बदलून बघते. नागपूरच्या डीलरकडे ॲल्युमिनियमचं कॅबिनेट असल्याचं मला ठाऊक होतं. फोन केला, दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल आलं. दिसायला इतकं सुंदर की भाऊंनीसुद्धा एकदा हात फिरवला. जुन्या डब्यातलं सगळं सामान नव्यात हलवलं. वजन जवळजवळ निम्म्यावर आलं. मी एका हाताने उचलून दाखवलं आणि बटण दाबलं.

झन्न आवाज झाला.

पत्रा पातळ होता. हार्ड डिस्क फिरायला लागली की तिची थरथर पत्र्यात उतरायची आणि सगळा डबा वाजायचा. बोट ठेवलं की थांबायचा, उचललं की परत.

"हे तं बँडवाल्याची झांज आणली तू," भाऊ म्हणाले.

हलकं झालं की शांत होईल, असं मी उगाचच धरून चालले होते. प्रत्यक्षात उलटं होतं. जुना जाड पत्रा वजनाने मारत होता, पण थरथर गिळतही होता.

मग मी कूलरकडे वळले. मूळ घरघर तिथलीच होती. नागपूरहून तांब्याचा एक मोठा कूलर मागवला. उंच मनोऱ्यासारखा, वर हाताच्या पंजाएवढा पंखा. पंखा मोठा असला की त्याला जोरात फिरावं लागत नाही, हळू फिरूनही तेवढीच हवा देतो. बसवला. घरघर खरंच पडली, उरलेली पत्र्याची झांज मी मनावर घेतली नाही. मी इतकी खूश झाले की लगेच डॉक्टरांना फोन केला, "काम झालं!"

सुदैवाने त्या सावध बाई होत्या. म्हणाल्या, "आधी जीपमधून फिरवून आण."

कान तपासायचं कार्ड मी काढून दुकानात ठेवलं आणि मशीन जीपमध्ये टाकलं. नामदेवकाका मला घेऊन पांढरकवड्याच्या रस्त्याला लागले. केळापूरपर्यंत जायचं आणि परत यायचं असं ठरलं. काका मुद्दाम सगळे खड्डे घेत होते.

"चांगला रस्ता टाळून राह्यले का हो काका?"

"शिबिरं चांगल्या रस्त्यावर कुठं होतात, ताई?"

मुद्दा बरोबर होता. केळापूर दिसायला लागलं तेव्हा मागून खडखड आली. पुढच्या खड्ड्याला धाडकन आवाज झाला. गाडी बाजूला घेऊन झाकण उघडलं. तांब्याचा मनोरा डब्याच्या तळाशी आडवा पडला होता. कॅबिनेट उभं असतं तेव्हा असा कूलर मदरबोर्डवरून, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवरून, आडवा लोंबकळतो, आणि त्याला धरून ठेवतात प्लॅस्टिकचे चार आकडे. टेबलावर ते वर्षानुवर्षं टिकले असते. खड्ड्यांत त्यातले दोन तुटले. पडता पडता मनोऱ्याने मदरबोर्डवरचा एक भागही उपटून नेला होता. बोर्ड कामातून गेला.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो ठोकळा हातात तोलत होते. जवळजवळ किलोभर असेल. कार्ड आत असतं तर? तसं दुसरं मिळणार नव्हतं. काकांनी थर्मासमधला चहा दिला.

"तुमचं मशीन आन् माही कंबर एकाच रस्त्यानं गेली," ते म्हणाले. "बसा दोन मिनिटं."

पंधरापैकी नऊ दिवस संपले होते.

दुसऱ्या दिवशी मी काहीच मागवलं नाही. जुना लहान कूलर टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. भाऊ समोर येऊन बसले.

"रुसून राह्यली का त्याच्यावर?"

"भाऊ, याची पाती मोजा बरं."

त्यांनी चष्मा वर सरकवून मोजली. "सात."

हा पंखा मिनिटाला साधारण तीन हजार फेरे मारायचा. म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक फेऱ्यात सात पाती. पन्नास साते साडेतीनशे. सेकंदाला साडेतीनशे वेळा हवेला फटका, म्हणजे साडेतीनशेच्या पट्टीचा आवाज. डॉक्टरांच्या तपासणीतले जाड बीप होते अडीचशेचे आणि पाचशेचे. माझा पंखा बरोबर त्या दोघांच्या मध्ये बसून गात होता.

मोठा पंखा मिनिटाला नऊशे फेरे मारील. सेकंदाला पंधरा, आणि पाती त्यालाही सातच. पंधरा साते एकशे पाच. तपासणीच्या सगळ्यात खालच्या बीपच्याही खूप खाली, शिवाय मुळातच मंद. म्हणजे पंखा मोठाच हवा होता. पण त्याच्याखाली किलोभर तांबं नको.

"तांबं कायले लागते पन?" भाऊंनी विचारलं.

"प्रोसेसर इतका तापतो म्हणून."

"आन् तो इतका तापते काहून?"

"फास्ट आहे म्हणून."

"मंग डॉक्टरबाईले इतका फास्ट कायले पाहिजे?"

हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. कान तपासायचा प्रोग्रॅम आमच्या दुसऱ्या मशीनवर लावून पाहिला. बीप वाजवायचे, हात वर झाला की खूण करायची आणि शेवटी आलेख काढायचा. प्रोसेसरचं जेमतेम चार-पाच टक्के काम होत होतं. बाकी वेळ तो नुसता तापत बसला होता. लिटरभर दूध आणायला आम्ही ट्रक पाठवला होता.

"म्हंजे माझं चुकलं म्हन नं सरळ," भाऊ म्हणाले. "फास्टवाला द्या, हे मीच म्हटलतो."

"बसवला मी. अर्धं माझं."

"चाल, अर्धं अर्धं."

बोर्ड तसाही गेला होता, आता वाट मोकळी झाली. नागपूरच्या डीलरला फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडचा सगळ्यात थंड चालणारा प्रोसेसर द्या, सगळ्यात फास्ट नको. तो दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाला. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. कोपऱ्यात पडलेला कमी वॅटचा एक निघाला, त्याला चालणारा बोर्डही निघाला. त्या प्रोसेसरला ॲल्युमिनियमचा बुटका, हलका ठोकळा पुरला. वर मोठा पंखा बसवला, तो हळू फिरवला. सगळा कूलर मिळून तांब्याच्या मनोऱ्याच्या निम्माही नव्हता आणि या वेळी प्लॅस्टिकच्या आकड्यांऐवजी स्क्रूने बोर्डाच्या आरपार आवळला. पॉवर सप्लायसुद्धा मोठ्या, मंद पंख्याचा घेतला. त्यालाही स्वतःचा पंखा असतो, हे बरेच जण विसरतात.

राहिली ॲल्युमिनियमची झांज. त्यावरचा इलाज एका गॅरेजमध्ये मिळाला. गाडीचं दार लावताना पत्रा वाजू नये म्हणून आतून डांबरी शीट चिकटवतात. तिचे हातभर तुकडे मागून आणले आणि कॅबिनेटच्या दोन्ही झाकणांना मधोमध चिकटवले. हार्ड डिस्क स्क्रूने न आवळता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर झोपाळ्यासारखी टांगली, म्हणजे तिची थरथर पत्र्यापर्यंत पोचणारच नाही. हवा आत जाते तिथे मच्छरदाणीचं कापड लावलं, सहज काढून झटकता येईल असं. रुई आता बाहेरच अडणार होती.

सगळं जोडून बटण दाबलं. भाऊ कान टवकारून उभे होते.

"सुरू कर नं."

"केलं."

त्यांनी वाकून हिरवा दिवा पाहिला. मग मागे हात नेऊन हवा लागते का ते पाहिलं. मग आत घरात जाऊन काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बोलावून आणलं आणि दाखवलं.

वजन भरलं सहा किलोच्या आसपास. केळापूरची फेरी पुन्हा केली, तेच खड्डे, तेच काका. या वेळी आतून काही वाजलं नाही. नंतर कार्ड बसवून डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये पुन्हा त्याच खुर्चीत बसले, हेडफोन लावले. जाड बीप आले. घशातून हुंकार द्यावा तसे, मऊ, पण स्वच्छ. मी प्रत्येकाला हात वर केला. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "तुझा बहिरेपणा गेला. अभिनंदन."

पंधराव्या दिवशी भारनियमनाची वेळ टाळून आम्ही सकाळीच शाळेत पोचलो. काकांनी मशीन एकट्याने, शाळेची पिशवी न्यावी तसं उचलून नेलं आणि सगळ्यांनी ते पाहावं म्हणून व्हरांड्यातून जरा लांबचा फेरा घेतला.

हेडमास्तर वर्गात येऊन उभे राहिले. थोडा वेळ थांबून म्हणाले, "मॅडम, लाइट आहे. सुरू करून घ्या, परत जाईल."

"सुरूच आहे, सर."

अकरा मुलं एकेक करून बसली. पहिल्या चौघांचे हात फटाफट वर गेले. डॉक्टरांचा चेहरा सैल पडत गेला. पाचवा मुलगा गणेश. त्याचा उजव्या कानाचा आलेख खाली गेला. डॉक्टरांनी पुन्हा तपासला, पुन्हा खालीच. हा दोष खरा होता. मागच्या वेळी अकरांच्या गर्दीत तो हरवून गेला होता.

मग सुमन आली. डॉक्टरांनी मराठीत समजावलं, आवाज आला की हात वर कर. ती नुसती बघत राहिली. पहिला बीप गेला, दुसरा गेला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं लक्ष पंख्याकडे. वाटलं, आता कशाची घरघर?

डॉक्टरांनी लक्ष्मीबाईंना आत बोलावलं. "तुमच्या भाषेत सांगा तिला."

लक्ष्मीबाई लेकीजवळ खाली बसल्या आणि कोलामीत काहीतरी बोलल्या. दोन वाक्यं असतील. सुमन हसली. मग बीप सुरू झाले आणि तिचा हात वर जायला लागला. बारीक आवाज, मधला, जाड, अगदी जाड. डॉक्टर आवाज कमी कमी करत गेल्या, इतका की दुसरं कोणी असतं तर सोडून दिला असता. हात वरच. आलेखाची रेघ कागदाच्या वरच्या कडेने सरळ गेली. त्या अकरा जणांत तिच्याइतके तल्लख कान दुसऱ्या कोणाचे निघाले नाहीत.

"म्या तं म्हनलच होतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "रानात बकरी कुठं चरून राह्यली ते नुसतं ऐकून सांगते हे."

हेडमास्तरांना पटेना. "मग वर्गात विचारलं तर उत्तर का देत नाही?"

"तुम्ही कोणत्या भाषेत विचारता, सर?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

हेडमास्तरांनी टेबलावरचा अर्ज उचलला, एकदा वाचला आणि चार घड्या घालून फाडला. मग लक्ष्मीबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, बस, ऊठ, सांग, हे तुमच्यात कसं म्हणतात? मला लिहून घेऊ द्या." त्यांनी खिशातली डायरी काढली. त्यांचे उच्चार ऐकून सुमन पहिल्यांदा मोठ्याने हसली. तो आवाज मशीनपेक्षा कितीतरी मोठा होता, पण तपासणी थांबवावी लागली तरी कोणाची तक्रार नव्हती.

अकरातली नऊ मुलं ठीक निघाली. गणेश आणि आणखी एक मुलगी, या दोघांना खरा दोष होता. गणेशचा कान जुन्या पुवामुळे बिघडला होता, तो औषधाने बराच सुधारला. मुलीला पुढे कानाचं यंत्र बसलं. निवासी शाळेची गरज दोघांपैकी कोणालाही पडली नाही.

परतताना काका खूप बोलत होते. मी बहुतेक ऐकत होते. मला बरं वाटत होतं आणि थोडी लाजही वाटत होती. डब्यात काय बसवायचं हे मला सगळं येत होतं. तो डबा कुठे जाणार, कोण उचलणार, कोणाच्या कानाशी बसणार, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुरुषोत्तमभाऊंनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात दुकानाबाहेर पाटी लावली : आवाज न करणारा कॉम्प्युटर मिळेल. पाटी वाचून पहिल्या दिवशी एक बाई आल्या. मुलगा बारावीला. मी त्यांना मशीन सुरू करून दाखवलं, जवळ कान न्यायला सांगितलं, पाती, फेरे, डांबरी शीट सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "नाही बाई, मले हे नको. पोट्टं आतल्या खोलीत दार लावून बसते आन् अभ्यास करून राह्यलो म्हनते. आवाज आला तं मले सैपाकघरात समजते का कॉम्प्युटर चालू हाये. आवाजवाला नाही का तुमच्याकडं?"

होता. तोच दिला. हे मशीन कशासाठी पाहिजे आणि कुठे ठेवणार, हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.